हजेरीपत्रकावरच्या सह्या : चाकणमधल्या एका प्रशिक्षण अधिकाऱ्याचं प्रकरण

चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातला एक मध्यम आकाराचा कारखाना. पत्रा दाबून भाग तयार करायचे, त्यांना वेल्डिंग करायचं आणि वाहन कंपन्यांच्या मोठ्या पुरवठादारांना द्यायचे, हा धंदा. कायम कामगार थोडे, कंत्राटदाराची माणसं पुष्कळ, शिवाय प्रशिक्षणार्थी मुलं. मनुष्यबळ विभाग लहानसा. त्यातली सगळ्यांत नवी मुलगी मनुष्यबळ हा विषय घेऊन एमबीए झालेली, चांगल्या गुणांनी. तिच्याकडे 'ट्रेनिंग' सोपवलं होतं. मी या भागात बरीच वर्षं मनुष्यबळाचंच काम केलं, आता महाविद्यालयांत शिकवतो आणि प्रकल्पांच्या तोंडी परीक्षा घेतो. या कारखान्यात मी सल्लागार म्हणून जात होतो, त्यामुळे प्रकरण जवळून पाहता आलं. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

'एमबीएच्या मुलांना काही येत नाही' हे वाक्य कारखान्यांत सर्रास ऐकू येतं. मला ते पटत नाही. या मुलीला बरंच काही येत होतं. काय येत नव्हतं, ते मात्र अगदी नेमकं सांगता येतं, आणि त्यासाठीच हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे.

तक्रार

एका ब्रॅकेटला दोन वेल्ड नट, म्हणजे पत्र्यालाच वेल्डिंग करून बसवलेले नट, लागतात. ग्राहकाच्या असेंब्ली लाइनवर एक ब्रॅकेट एकाच नटासह पोहोचलं. बोल्ट आवळायला गेलेल्या माणसाला तिथे नुसतं भोक सापडलं. 'नट मिसिंग' हा शब्द या धंद्यात सगळ्यांच्या तोंडी असतो, पण असा एक तुकडा ग्राहकाकडे गेला की सगळा साठा पुन्हा तपासावा लागतो, ग्राहकाच्या गोदामात आपली माणसं नेऊन बसवावी लागतात आणि एट-डी अहवाल द्यावा लागतो. आठ टप्प्यांच्या या अहवालात दोषाचं मूळ कारण शोधायचं असतं आणि तो पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं, ते लिहायचं असतं.

गुणवत्ता विभागाने लिहिलं : मूळ कारण, ऑपरेटरचं दुर्लक्ष. उपाय, ऑपरेटरना प्रशिक्षण दिलं. पुरावा म्हणून हजेरीपत्रक जोडायचं आणि ते हिने पुरवायचं. शिफ्ट इन्चार्ज तिला म्हणाले, "मॅडम, दहा मिनिटं बोला, सह्या घ्या आणि क्वालिटीला पाठवून द्या. कस्टमर थांबलाय." तिने चांगल्या आणि वाईट तुकड्याचे फोटो दाखवले, नट विसरला तर पुढे काय होतं ते हिंदीत समजावलं, सह्या घेतल्या. अहवाल बंद झाला.

काही आठवड्यांनी त्याच भागाची तीच तक्रार आली. पुन्हा तेच कारण, तेच प्रशिक्षण, तशाच सह्या. मग तिसरी आली.

तिसऱ्या वेळी तिने एक गोष्ट स्वतःहून केली. तिन्ही हजेरीपत्रकं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि नावं जुळवून पाहिली. पहिल्या पत्रकावरची बहुतेक नावं तिसऱ्यावर नव्हतीच. ती माणसं सोडून गेली होती, किंवा कंत्राटदाराने त्यांना शेजारच्या दुसऱ्या कारखान्यात पाठवलं होतं. ज्यांना शिकवलं ते उरले नव्हते, आणि जे आले होते त्यांना तक्रार येईपर्यंत कोणी शिकवलं नव्हतं. मग तिने 'प्रशिक्षण परिणामकारकता' हा फॉर्म काढला. प्रशिक्षणानंतर महिन्याभराने सुपरवायझरने प्रत्येकाचं काम बघून तो भरायचा असतो. सगळे फॉर्म एकाच पेनाने, एकाच दिवशी भरलेले. सगळीकडे 'समाधानकारक'. जे कामावर राहिलेच नव्हते, त्यांच्याही नावापुढे 'समाधानकारक'.

पदवीने दिलेलं

इथे तिच्या शिक्षणाला श्रेय द्यायला हवं. डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकन प्राध्यापकांनी १९५९ मध्ये मांडलेल्या प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या चार पातळ्या जवळपास प्रत्येक अभ्यासक्रमात असतात : शिकणाऱ्याला प्रशिक्षण कसं वाटलं, तो काय शिकला, कामावर त्याचं वागणं बदललं का, आणि शेवटी कामाच्या परिणामात फरक पडला का. आपल्या कारखान्याचा कागद यातल्या पहिल्या पातळीलाही पोहोचत नाही, तो फक्त माणूस खोलीत होता एवढंच सांगतो, हे तिने चटकन ओळखलं. त्या विभागात अनेक वर्षं काढलेल्या माणसांना ते खटकत नव्हतं. पदवी नसती तर तिलाही खटकलं नसतं. चांगलं काय असतं याचा नमुना डोक्यात असल्याशिवाय समोरचं वाईट दिसत नाही, आणि तो नमुना तिला महाविद्यालयाने दिला होता.

अडचण पुढच्या पावलाला आली. तिने शिकल्याप्रमाणे प्रशिक्षण गरजांची प्रश्नावली तयार केली : आपल्याला कोणत्या विषयात प्रशिक्षण हवं आहे, किती तासांचं हवं, कोणत्या भाषेत हवं. प्रश्नावली नीटनेटकी होती. पण उपाय प्रशिक्षणातच आहे, हे तिने आधीच धरून चाललं होतं. मी तिला एक जुना प्रश्न सांगितला. रॉबर्ट मेगर आणि पीटर पाइप या प्रशिक्षणतज्ज्ञांनी तो १९७० च्या सुमारास मांडला : अगदी जिवावर बेतलं तर या माणसाला हे काम नीट करता येईल का? येत असेल, तर त्याला शिकवून काही होणार नाही. अडचण दुसरीकडे आहे. मग सुचवलं की प्रश्नावली बाजूला ठेव, वेल्डिंगच्या मशीनपाशी एक पूर्ण पाळी उभी राहा, आणि पाळी बदलताना तिथेच थांब.

तिने विचारलं, "सर, तिथे उभं राहून नेमकं काय बघायचं?"

या प्रकरणातला सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न मला हाच वाटतो. दोन वर्षांत तिला मुलाखत कशी घ्यावी हे शिकवलं होतं, प्रश्नावली कशी करावी, नमुना कसा निवडावा, एक्सेलमध्ये आलेख कसे काढावेत, हेही शिकवलं होतं. काम करणाऱ्या माणसाच्या शेजारी उभं राहून काम कसं पाहावं, हे कोणीच शिकवलं नव्हतं. हात कुठून कुठे जातो, माल कुठल्या ट्रेमधून उचलतो आणि कुठे टाकतो, मध्ये कोण हाक मारतं, हात कधी थांबतो, थांबला की अर्धवट तुकडा कुठे राहतो. हे पाहण्याचंही शास्त्र आहे. औद्योगिक अभियांत्रिकीच्या मुलांना ते शिकवतात, मनुष्यबळ विकासाच्या मुलांना नाही. आणि काम न पाहता कामाचं प्रशिक्षण आखणं शक्य नाही.

मशीनपाशी

ती उभी राहिली. पहिल्या पाळीतला एक ऑपरेटर हिंगोलीकडचा होता. तो म्हणाला, "ताई, नट लावायला काय शिकायचंय? पिनेवर ब्रॅकेट ठेवायचं, वर नट ठेवायचा, पायडल दाबायचं. लहान पोर पण करील." मेगर-पाइपच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळालं. काम येत होतं.

पाळी संपायला आली तेव्हा खरं चित्र दिसलं. कंपनीची बस पाळी सुटल्यावर लगेच निघते. हात धुणं, कपडे बदलणं, गेटवर झडती, एवढं उरकून बस गाठायची म्हणून ऑपरेटर भोंग्याच्या थोडं आधीच मशीन सोडतात. पुढच्या पाळीचा माणूस त्याच बसने येतो आणि मशीनवर पोहोचायला त्याला वेळ लागतो. मधल्या वेळेत मशीनजवळ कोणीच नसतं. एक नट लागलेली, दुसरा लागायची राहिलेली ब्रॅकेटं टेबलावर तशीच पडलेली असतात. नवा माणूस येतो, टेबल मोकळं करायचं म्हणून ती उचलून तयार मालाच्या बिनमध्ये टाकतो. दुर्लक्ष नेमकं कोणाचं म्हणायचं?

दुसरी गोष्ट रात्रपाळीत दिसली. नट नसेल तर मशीनने चालायचं नाही, यासाठी सेन्सर बसवलेला होता. वेल्डिंगच्या ठिणग्यांचे कण पिनेवर साचले की तो उगाचच मशीन थांबवायचा. मेंटेनन्सचा माणूस रात्री एकच, तोही दाबयंत्रांकडे अडकलेला. उत्पादनाचा आकडा तर गाठायचाच असतो. म्हणून सेन्सर बायपास करून, म्हणजे किल्लीने निकामी करून, ठेवायची पद्धत पडली होती. ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती, फक्त एट-डीच्या कागदावर आली नव्हती. रात्रपाळीत ओडिशाची चारपाच मुलं होती. मशीनवर लावलेला कामाच्या सूचनांचा तक्ता इंग्रजीत होता.

तिने हे सगळं एका पानावर लिहून काढलं. पानावर प्रशिक्षणाची गरज एकाच ठिकाणी होती, नव्या माणसाला पहिल्या दिवशी. बाकीची कारणं बसची वेळ, अर्धवट मालाला जागा नसणं, पिनेची सफाई आणि कंत्राटी माणसांची ये-जा, ही होती. यातलं काहीही प्रशिक्षण विभागाच्या हातात नव्हतं. इथवर ती बऱ्यापैकी स्वतःच्या बळावर आली होती.

कागद कोणाच्या नावावर

खरा पेच यानंतरचा आहे, आणि पदवीचे अभ्यासक्रम कुठे कमी पडतात ते इथे सगळ्यांत स्वच्छ दिसतं.

वाहन उद्योगाचं गुणवत्ता मानक आयएटीएफ १६९४९, सध्याची आवृत्ती २०१६ ची. त्यात स्पष्ट म्हटलं आहे की ज्याच्या कामाचा गुणवत्तेवर परिणाम होतो, त्याला प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण द्या, आपल्या चुकीमुळे ग्राहकाकडे काय होतं ते त्याला सांगा, आणि यात कंत्राटी माणसंही आली. त्यामुळे ऑडिटर मशीनवरच्या कोणाही माणसाकडे बोट दाखवून त्याची नोंद मागू शकतो. म्हणून तिने नव्या कंत्राटी कामगारासाठी पहिल्या दिवसाचं प्रशिक्षण आखलं, कंपनीच्या नावाचा फॉर्म केला, लाइन लीडरची सही, तिची सही.

तो फॉर्म मनुष्यबळ प्रमुखांनी परत पाठवला. कंपनीच्या कायदा सल्लागारांचं म्हणणं होतं की कंत्राटदाराच्या कामगारांना कंपनीच्या कागदावर, कंपनीच्या अधिकाऱ्याच्या सहीने प्रशिक्षण द्यायचं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००१ मध्ये स्टील ऑथॉरिटीच्या खटल्यात सांगितलं की कंत्राटी कामगार आपोआप मूळ मालकाचे, म्हणजे कंत्राट देणाऱ्या कंपनीचे, कामगार होत नाहीत. पण कंत्राट नुसतं दिखाव्याचं आहे असं ठरलं, तर ते मूळ मालकाचेच कामगार मानले जातील. ते ठरवताना कामावर देखरेख आणि नियंत्रण कोणाचं, हा मुद्दा येतोच. उद्या वाद औद्योगिक न्यायालयात गेला तर हा फॉर्म कामगारांच्या बाजूचा पुरावा होईल, ही भीती होती.

म्हणजे नोंद ठेव, असं मानक सांगतं आणि ठेवू नको, असं वकील सांगतो. दोघांच्या मध्ये नोकरी नुकतीच लागलेली मुलगी. तिने कामगार कायद्याचा पेपर दिला होता आणि प्रशिक्षण व विकासाचाही. दोन्हींत गुण उत्तम. पण एका पेपरमधला कंत्राटी कामगार आणि दुसऱ्या पेपरमधला प्रशिक्षणार्थी हा एकच माणूस आहे, हे दोन वर्षांत कुठल्याही वर्गात तिच्यासमोर आलं नव्हतं.

ही फाळणी आजची नाही. १९७० च्या दशकाच्या मध्यावर अहमदाबादच्या आयआयएममधल्या उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांनी लार्सन अँड टुब्रोसाठी मनुष्यबळ विकासाची रचना मांडली आणि विकासाचं काम आस्थापनेच्या रोजच्या कामापासून वेगळं काढलं. त्या काळी ते गरजेचं होतं. हजेरी, पगार आणि शिस्तभंग यांच्या गर्दीत माणसाच्या वाढीकडे बघायला कोणाला सवड नव्हती. पण विभाग वेगळे झाले तसे पेपर वेगळे झाले, शिकवणारे वेगळे झाले, आणि जो भाग दोन्हींच्या मध्ये पडतो तो कोणाचाच राहिला नाही. ज्या कारखान्यात निम्म्याहून अधिक हात कंत्राटदाराचे आहेत, तिथे प्रशिक्षणाचा प्रत्येक निर्णय हा कामगार संबंधांचा निर्णय असतो.

काय केलं

तोडगा निघाला, पण तो मला पूर्ण समाधान देणारा नाही. कंत्राटदाराच्या सुपरवायझरला आणि दोन लाइन लीडरना 'जॉब इन्स्ट्रक्शन'ची पद्धत शिकवली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत कारखान्यांतल्या फोरमनसाठी ती तयार झाली होती : शिकणाऱ्याची तयारी करा, काम करून दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, नंतर येऊन बघत राहा. नव्या माणसाला कंत्राटदाराचा सुपरवायझर शिकवणार, नोंद कंत्राटदाराच्या कागदावर, ऑडिटच्या वेळी ती बघायला मिळणार. अर्धवट तुकड्यांसाठी लाल ट्रे आला आणि पाळी सोडताना तो रिकामा असल्याची खूण करायची ठरली. पिनेची सफाई पाळीच्या सुरुवातीच्या तपासणीत घातली. सूचनांचा तक्ता चित्रांचा केला. बायपासची किल्ली शिफ्ट इन्चार्जकडे गेली. बसची वेळ बदलली नाही, कारण ती बस आणखी दोन कारखान्यांत जाते.

पुढचे काही महिने त्या भागाची तक्रार आली नाही. श्रेय प्रशिक्षणापेक्षा लाल ट्रेचं अधिक, असं मला वाटतं, आणि तिचंही मत तेच आहे. एट-डीच्या 'मूळ कारण' या रकान्यात त्या कारखान्याने पहिल्यांदाच 'ऑपरेटर' सोडून दुसरं काही लिहिलं. माणसांची ये-जा मात्र तशीच आहे. वर्षानुवर्षं चालणारं, उत्पादनाचा गाभा असलेलं काम कंत्राटी माणसांकडून करून घेतलं की शिकवलेलं कौशल्य कारखान्यात टिकत नाही. हे तिने अहवालात लिहिलं होतं. तो परिच्छेद अंतिम प्रतीत राहिला नाही.

विद्यापीठाकडे परत

पुणे विद्यापीठाच्या एमबीएत दुसऱ्या सत्रानंतर साधारण आठ आठवड्यांची इंटर्नशिप असते. या मुलीनेही ती केली होती, विषय होता एका कंपनीतल्या प्रशिक्षणाबाबत कर्मचाऱ्यांचं समाधान. असे अहवाल माझ्यासमोर दरवर्षी गठ्ठ्याने येतात. 'पूर्णपणे सहमत'पासून 'पूर्णपणे असहमत'पर्यंत पाच पर्याय, प्रत्येक प्रश्नाला एक गोल आलेख, शेवटी सूचना : कंपनीने प्रशिक्षणाचं प्रमाण वाढवावं. तोंडी परीक्षेत मी विचारतो की आठ आठवड्यांत तू कोणतं काम होताना पाहिलंस, ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सांग. बहुतेकांना सांगता येत नाही. पाहण्याची संधी त्यांना होती, पण तशी अपेक्षा कोणी ठेवली नव्हती. गुण बांधणी केलेल्या अहवालाला मिळतात, मग मुलं अहवालच करणार.

आपल्याकडेच याहून चांगली परंपरा आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ४९ ने ५०० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी सक्तीचा केला, आणि महाराष्ट्रात या जागांवर येणारी पुष्कळ माणसं समाजकार्याच्या किंवा कामगार अभ्यासाच्या संस्थांतून आली. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था १९३६ ची, तिथलीच कामगार अभ्यासाची सरकारी संस्था १९४७ ची, पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था १९६३ ची. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात क्षेत्रकार्य वर्गाच्या बरोबरीने चालतं, साधारण आठवड्याचे दोन दिवस. विद्यार्थी जातो, पाहतो, लिहितो, आणि मार्गदर्शकाशी त्या नोंदीवर बोलतो. जे दिसलं नाही ते मार्गदर्शक दाखवतो आणि पुढच्या आठवड्यात विद्यार्थी पुन्हा तिथेच जातो. सलग आठ आठवडे एकदाच जाऊन येण्यापेक्षा हे फार वेगळं शिक्षण आहे. एमबीएने मनुष्यबळाच्या जागा घेतल्या तेव्हा ही पद्धत मागे पडली. एमबीएकडे जे आहे, आकडे, संगणक, खर्चाचा हिशोब मांडण्याचं बळ, ते समाजकार्याच्या मुलांकडे कमी असतं, हेही खरं. मला दोन्ही एका मुलीत हवं आहे, आणि ते अशक्य नाही.

मी शिकवतो त्या वर्गात आता हे प्रकरण तिन्ही हजेरीपत्रकांसह देतो, नावांच्या जागी क्रमांक घालून. आधी बाकी काहीच सांगत नाही, फक्त तक्रार आणि पत्रकं. बहुतेक गट ऑपरेटरसाठी प्रेरणा वाढवणारं शिबिर सुचवतात. क्रमांक जुळवून पाहणारा गट क्वचित निघतो. त्यानंतर कामगार कायदा शिकवणाऱ्या प्राध्यापकांना मी त्याच तासाला बोलावतो आणि आम्ही दोघं मिळून विचारतो : पहिल्या दिवसाच्या प्रशिक्षणाचा फॉर्म कोणाच्या नावाने छापणार, सही कोणाची, आणि वकिलांनी तो परत पाठवला तर दुसऱ्या दिवशी सकाळी मशीनवर उभ्या राहणाऱ्या नव्या मुलाला शिकवणार कोण? नोव्हेंबर २०२५ मध्ये जुन्या कामगार कायद्यांच्या जागी चार कामगार संहिता लागू झाल्या आणि गाभ्याच्या कामात कंत्राटी मजूर लावण्यावर त्यांतल्या एका संहितेने अपवादांसह बंदी घातली. त्यामुळे फॉर्मचा प्रश्न आता नव्या कलमांच्या आधारे मांडायचा आहे. पुढच्या सत्रासाठी आम्ही दोघं तेच काम करत आहोत.